आमची हरकत आहे!

काही वर्षांपूर्वी आमच्या शहराच्या विकास आराखड्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत,’ एवढंच बारीक अक्षरात! मी ती वर्गात वाचून दाखवली. चौथीतल्या एका मुलीनं पटकन विचारलं, “बाई, त्यात आपल्या मैदानाचं काय केलंय?”

मला कुठं ठाऊक होतं! शाळा सुटल्यावर कचेरीत जाऊन नकाशा पाहिला. मैदानाच्या मधोमध रस्ता आखलेला!

हा आराखडा म्हणजे नुसतं चित्र नव्हे बरं का! मंजूर झाला की तो कायद्यासारखाच पाळावा लागतो. म्हणून महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानं लोकांना आधी बोलण्याचा हक्क दिला आहे. मुदतीत लेखी हरकत द्यायची, तिची पोच घ्यायची आणि सुनावणीला जायचं.

पालकांनी सह्या केल्या. सुनावणीत माझे पाय लटपटत होते. पण मुलं तिथं रोज खेळतात आणि दुसरं मैदान लांब आहे, एवढं मी सांगितलं. अंतिम नकाशात रस्ता कडेनं वळला.

दरवेळी असं होतंच असं नाही. पण गप्प बसलेल्यांचं कोण ऐकणार? मुंबईत २०१५ साली हजारो हरकती आल्या आणि आराखडा नव्यानं करावा लागला!

आता अशी सूचना दिसली, की आईबाबांना नक्की विचारा, “यात आपल्या मैदानाचं काय केलंय?”