भाड्याच्या पट्ट्या, घरचा सूर

१९८९च्या सप्टेंबरात आम्ही न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या सभागृहात पोचलो, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. संध्याकाळी सहाला तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आमचा गाण्यांचा कार्यक्रम होता. रंगमंचाच्या डाव्या अंगाला स्टँडवर गडद तपकिरी रंगाचा यामाहा डीएक्स-७ कीबोर्ड मांडून ठेवला होता. मंडळाच्या लोकांनी तो वाद्यांच्या दुकानातून दोन दिवसांच्या भाड्याने आणला होता. पुण्यात माझ्याकडेही डीएक्स-७च होता, त्यामुळे पट्ट्या ओळखीच्या होत्या. आतले बत्तीस टोन मात्र सगळे परके. बटणं दाबत गेलो तशी छोट्याशा पडद्यावर एकेक नाव उमटत गेलं. एका टोनला कुणीतरी ‘मॉम्स बेल्स’ असं नाव दिलं होतं. वाजवून पाहिला. देवघरातल्या घंटेसारखा, पण लांबवर विरत जाणारा आवाज.

आमच्या तबलजींना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी विचारलं, “आपली सनई कुठाय यात?”

“वहीत,” मी म्हणालो.

वही शंभर पानी होती. टोन साठवायचं कार्ट्रिज मला परवडत नव्हतं, म्हणून घरी बनवलेल्या प्रत्येक टोनचे आकडे मी वहीत उतरवून आणले होते. डीएक्स-७मध्ये एक आवाज सहा ऑपरेटरांच्या, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या सहा घटकांच्या, जुळणीतून तयार होतो. ती जुळणी कशी करायची याचे बत्तीस आराखडे, म्हणजे अल्गोरिदम. शिवाय प्रत्येक ऑपरेटरला किती जोर द्यायचा, आवाज किती वेगाने चढायचा, कुठं टिकायचा आणि कसा विरायचा, हे सगळं आकड्यांत. एका सनईचे दीडशेच्या आसपास आकडे भरतात. अण्णा खुर्ची ओढून बसले आणि पाढे म्हणावेत तसे आकडे वाचू लागले. मी बटणं दाबत गेलो. ती बटणं पत्र्याला चिकटवल्यासारखी सपाट, दाबली गेली की नाही ते बोटाला कळतच नसे, त्यामुळे नजर सतत पडद्यावर. एखादा आकडा चुकला की सनईचा भोंगा होई आणि अण्णा पुन्हा पहिल्यापासून वाचत. एका टोनला वीस मिनिटं. साठवण अडवणारं मेमरी प्रोटेक्ट काढून ठेवलं होतं, एकेक टोन कानाला पटला की लगेच साठवून टाकायचा. तीन वाजता आठ टोन झाले: सनई, सतार, बासरी, सारंगी, जलतरंग, ॲकॉर्डियन, व्हायब्राफोन आणि व्हायोलिनचा ताफा.

आपला कीबोर्ड पुण्याहून का नेला नाही, असं आज कुणीही विचारेल. डीएक्स-७चंच वजन चौदा किलोंच्या आसपास, त्यावर लाकडी पेटी, त्यावर अमेरिकेतल्या ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर. परत येताना कस्टमवाल्यांनी ड्यूटी लावू नये म्हणून जातानाच विमानतळावर कागद करून घ्यायचे. मंडळाच्या वर्गणीतून सहा माणसांची तिकिटं निघत, तीच मोठी गोष्ट होती. १९७४ साली लतादीदी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तेव्हा मागे वाद्यवृंद होता. आमच्यासारख्यांच्या दौऱ्यात तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि दोन गायक. बाकीचा सगळा वाद्यवृंद कीबोर्डवाल्याच्या दहा बोटांत. आणि समोरचा श्रोता पंधरा-वीस वर्षं देशाबाहेर राहिलेला. गाण्याच्या कडव्याआधीचा बासरीचा पीस त्याच्या कानात जसाच्या तसा बसलेला असतो. तो पीस तयार टोनमध्ये वाजवला तर सूर बरोबर येतात, पण गाणं आपलं वाटत नाही. म्हणून कीबोर्डवाला परक्या मशीनमध्ये आपले टोन भरण्यासाठी एवढा जीव टाकायचा.

पुढे कार्डं आली. रोलँड डी-५० आणि कॉर्ग एम-१ या दोन्ही कीबोर्डांना बँकेच्या कार्डाएवढी मेमरी कार्डं लागत. कार्डात घड्याळात असतो तसा चपटा सेल असे. तो संपला की टोन गेले. ह्यूस्टनला माझं असंच एक कार्ड कोरं निघालं. वही सोबत होती म्हणून निभावलं.

खरा बदल झाला तो सॅम्पलिंगने. १९९९ साली कॉर्ग ट्रायटन आला आणि दोन-तीन वर्षांत परदेशातल्या भाड्याच्या दुकानांत सहज मिळू लागला. आता आवाज आकड्यांतून घडवायची गरज नव्हती, खरा आवाजच आत भरता येत होता. मी पहिला भरला तो ऑर्गन. आमच्या पिढीतल्या लोकांना मुद्दाम सांगायला नको की नाट्यसंगीतात ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदांना तिची साथ आहे. माझ्या गुरुजींच्या घरी असा एक जुना ऑर्गन होता. त्याचा भाता एका बाजूने फाटलेला होता, आणि गुरुजींनी त्यावर कापडी ठिगळ चिकटवलं होतं. २००२च्या उन्हाळ्यात एका रात्री, वाड्यातली वर्दळ थांबल्यावर, मी मायक्रोफोन लावला. पंखा बंद केला. गुरुजी पायाने भाता मारत होते आणि एकेक पट्टी दाबून धरत होते. बारा सूर, प्रत्येकी पाच सेकंदांच्या आत. भात्याच्या ठिगळातून येणारा हलका फुस्स आवाजही त्यात आला. तो काढून टाकू का, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “राहू दे. श्वास आहे तो.”

ते बारा सूर पाच फ्लॉप्यांत मावले. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट, म्हणजे चांगल्या दर्जाचा आवाज जेमतेम पंधरा सेकंद. ट्रायटनमध्ये भरलेले सॅम्पल वीज गेली की पुसले जात, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाआधी पाचही फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. एका दौऱ्यात मध्यंतरात कुणीतरी चहाची किटली लावायला आमचाच प्लग काढला. पडदा उघडायची वेळ झाली आणि कीबोर्ड रिकामा. निवेदिकाबाईंनी पुढची आठ-दहा मिनिटं नाट्यसंगीताच्या आठवणी अशा रंगवून सांगितल्या की सभागृहाला काही कळलं नाही. मागे मी एकेक फ्लॉपी घालत होतो आणि प्रत्येक फ्लॉपीची कुरकुर ऐकत होतो. शेवटचा सूर आत आला, मी मान हलवली, आणि बाईंनी पदाचं नाव घेतलं.

आज हे सगळं मिटलं आहे. ऑर्गन, सनई, सतार, ढोलकी, सगळं लॅपटॉपमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठंही चालतो. आयोजकांना रायडर, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी, पाठवायचा, ते बॅकलाइनवाल्याकडून, म्हणजे वाद्यं भाड्याने देणाऱ्याकडून, कीबोर्ड मागवतात, आपण यूएसबीची केबल जोडतो आणि भाड्याचा कीबोर्ड फक्त पट्ट्यांपुरता वापरतो. पंधरा मिनिटांत टोन तयार.

तरीही मी सभागृहात दोन तास आधीच जातो. टोन आपला असला तरी पट्टी परकीच असते. २०२३ साली लंडनला मला मागितलेल्या कीबोर्डऐवजी पियानोच्या जड पट्ट्यांचा कीबोर्ड मिळाला. त्यावर मुरकी घेताना पट्टी वेळेत वर येत नाही, सनई अडखळते. मग तासभर बसून बोटांचा जोर आणि पट्ट्यांची संवेदनशीलता जुळवली. मींड घ्यायची तर यामाहावर चाक, रोलँडवर आडवा दांडा, कॉर्गवर जॉयस्टिक. डाव्या हाताला प्रत्येकाची वेगळी सवय लागते. आणि कीबोर्डचे स्वतःचे टोन वापरणार असाल तर मास्टर ट्यूनिंग आधी बघावं. आधीच्या वादकाने ते ४४२वर नेलेलं असलं, तर हार्मोनियमशी रात्रभर बेसूर चालतं.

त्या लंडनच्या कार्यक्रमानंतर एक आजोबा काठी टेकत रंगमंचाजवळ आले. “ऑर्गन कुठं ठेवलाय? मला बघायचाय,” म्हणाले. मी त्यांना लॅपटॉप दाखवला. मग हेडफोन त्यांच्या कानाला लावून एकच पट्टी दाबून धरली. त्यांनी डोळे मिटले. भात्यातून निघणारी हवा त्यांनी बरोबर ओळखली. गुरुजी आता नाहीत, आणि तो ऑर्गनही नाही.

मला १९८९ परत नको आहे. आज श्रोत्यांना जास्त चांगलं ऐकायला मिळतं, यात शंका नाही. पण एक गोष्ट त्या वेळी होती आणि आज कमी झाली आहे, असं मला मनापासून वाटतं. माझी सनई कशाची बनली आहे हे मला ठाऊक होतं. अण्णांनाही ठाऊक होतं. ते शेवटपर्यंत तिचा अल्गोरिदम आणि पहिल्या ऑपरेटरचे आकडे पाठ म्हणून दाखवत. आजचे हुशार वादक शेकडो टोन विकत घेतात, फार सुंदर वाजवतात, पण पेनड्राइव्ह हरवला तर त्यातला एकही टोन त्यांना पुन्हा बनवता येत नाही. निदान एक तरी आवाज स्वतः घडवावा किंवा स्वतः कुणाच्या तरी वाद्यावरून टिपून घ्यावा, असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

आणि दुसरं सांगतो ते न्यू जर्सीच्या त्या दुपारबद्दल. आमचे आठ टोन मी पहिल्या आठ जागांवर साठवले. त्यातल्या चौथ्या जागेवर ‘मॉम्स बेल्स’ होता. माझ्याकडे वही होती, पेन होतं, अण्णा शेजारी बसले होते. वीस मिनिटांत त्याचे आकडे उतरवून घेता आले असते आणि दुसऱ्या दिवशी परत भरता आले असते. मला ते सुचलंच नाही. तिथं आता माझी सारंगी होती. कीबोर्ड दुकानात परत गेला. तो टोन कुणी बनवला, कुणाच्या आईच्या घंटा होत्या त्या, हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून परदेशात भाड्याचा कीबोर्ड हाती आला की त्यात आपलं काही भरण्याआधी आत जे आहे ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि कार्यक्रम संपल्यावर जसंच्या तसं परत भरून ठेवा. आज या कामाला दोन-चार मिनिटं लागतात.