न भागणारी तहान

नागपुरात मे महिन्यात बारा वर्षांची मुलगी माठ रिकामा करते, यात कोणाला काय नवल? शेजारच्या काकू म्हणाल्या, "अव, ऊनच तेवढं तापून राहिलं." पण पाऊस लागला, कूलर बंद झाले, तरी लेक उशाशी बाटली घेऊनच झोपायची आणि रात्रीतून कितीदा तरी लघवीला उठायची. उंचीही थांबलेली. साखर तपासली, ती नॉर्मल निघाली.

बालरोगतज्ज्ञांनी चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. पाच लिटरचा कॅन पुरला नाही. मग दाखल करून, देखरेखीखाली काही तास तिचं पाणी तोडलं. दर तासाला वजन, मधूनमधून रक्तातलं सोडियम. नळाचा आवाज आला की पोरगी रडायची. इतकी निष्ठुर तपासणी मी दुसरी पाहिली नाही. पण मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारं हार्मोन मेंदूतून येतच नाही, हे तिच्यातूनच कळलं.

एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीचा देठ जाड दिसला. असं होण्याची कारणं बरीच. आपल्याकडे त्यात टीबीही येतो. एका डॉक्टरांचं म्हणणं, टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू करून बघू. न्यूरोसर्जन मात्र अडून बसले. जर्मिनोमा नावाची गाठ असेल तर स्टेरॉइडनं ती तात्पुरती आकसते आणि बायोप्सीत काही हाती लागत नाही, म्हणून तुकडा काढेपर्यंत स्टेरॉइड नाही. आम्ही त्यांचं ऐकलं. रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात एएफपी, बीटा-एचसीजी हे ट्यूमर मार्कर पाहिले, वाढलेले नव्हते. नाकातून दुर्बिणीनं तुकडा काढला. स्लाइड आणि ब्लॉक घेऊन ह्यांनी मुंबईची गाडी धरली, टाटातून दुसरं मत आणलं. जर्मिनोमाच होता.

ब्रेन ट्यूमर म्हटलं की कवटी उघडून गाठ काढणार, एवढंच आम्हाला ठाऊक. ही गाठ काढावी लागतच नाही. केमो आणि रेडिएशनपुढे ती टिकत नाही. दहातली नऊ मुलं तरी बरी होतात. जपान-कोरियात ती आपल्यापेक्षा जास्त आढळते म्हणे. गर्भात वाट चुकून मेंदूत राहिलेल्या बीजपेशींपासून ती होते, असं मानतात.

कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइडची सायकल चालू असताना सिस्टर सलाइन किती गेलं नि लघवी किती झाली, हे सारखं लिहीत असायच्या. त्या वहीवर माझा औषधांइतकाच भरवसा होता. पुढे रेडिएशनसाठी जामठ्याचं हॉस्पिटल. वर्धा रोडवर स्टेडियम दिसलं की लेक मॅचच्या तिकिटाचा भाव विचारायची. आत गेल्यावर चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क चढवला की गप्प.

गाठ विरघळली. देठाचं नुकसान मात्र भरून आलं नाही. त्या न येणाऱ्या हार्मोनच्या जागी डेस्मोप्रेसिनची गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल, आणि गोळीवर पाणी जास्त झालं तर सोडियम घसरून झटके येऊ शकतात. आमच्या गावात तर "पाणी पी ना बेटा" म्हणणारे पावलोपावली! शाळेत लेखीच देऊन ठेवलंय.

आता तिचं भांडण उंचीवरून आहे. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं आजार आटोक्यात येऊन निदान वर्ष गेल्याशिवाय सहसा देत नाहीत. तिला ते पटत नाही. पहिल्या बाकावर बसून कंटाळा आला, म्हणते.