व्हिडिओत आजी, मुखपृष्ठावर कोण?



अमरावती आणि अकोल्यात आम्ही काही कार्यकर्ते तरुणांसोबत बसून व्हिडिओ बघतो, त्यावर वाद घालतो. मागच्या बैठकीत ‘एन्जॉय एन्जामी’ घेतलं. तमिळ एकालाही येत नव्हतं. तरी पोरं म्हणाली, "हे आपलंच आहे." आपलं म्हणजे काय, यावर मग दोन तास चर्चा झाली.

मार्च २०२१ मध्ये आलेलं हे गाणं अरिवूने लिहिलं, धी आणि अरिवूने गायलं, संगीत संतोष नारायणन यांचं. अरिवू ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या जातिविरोधी बँडमधला. गाण्यामागे त्याची आजी वल्लियम्माळ आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून भारतात परतलेली भूमिहीन मजूर बाई. व्हिडिओत ती खुर्चीवर ऐटीत बसते. आजवर कॅमेऱ्याने अशा बाईला रडताना नाहीतर हात पसरतानाच दाखवलं. इथे ती घराण्याची मालकीण आहे.

स्टुअर्ट हॉल या जमैकात जन्मलेल्या अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलं, की बनवणारा अर्थ भरतो, पण बघणारा तो आपल्या जागेवरून काढतो. कुणी हे गाणं नुसतं नाचण्यासाठी घेतो. कुणी म्हणतो, निसर्गाचं गाणं छान आहे, त्यात जात कशाला आणता? आमची पोरं आजीकडे बघतात. त्यांच्या घरीही दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली आजी आहे.

पण हॉल आणखी एक टप्पा सांगतो: वितरण. खरी गोम तिथे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळं मुखपृष्ठ निघालं. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं झालं, तेही अरिवूशिवाय. आपल्या श्रमाबद्दल त्याला स्वतः लिहावं लागलं. श्रेय नाकारल्याचा आरोप संतोष आणि धी यांनी फेटाळला. पण लिहिणाऱ्यालाच ‘हे मी लिहिलं’ असं सिद्ध करावं लागतं, याला काय म्हणायचं?

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. म्हणून तर स्वतःचं पत्र लागलं. चेहरा आपला आणि माध्यम दुसऱ्याचं, तर नाव कधी गळेल याचा नेम नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू. १४ एप्रिलला इर्विन चौकात डीजेवर किती भीमगीतं वाजतात! वामनदादांचं नाव तरी आपण घेतो. बाकीचे कवी, शाहीर, गायिका? रीमिक्सवर डीजेचं नाव, स्टेटसवर आपला फोटो. आपल्याच आज्यांची नावं आपणच पुसतो आणि मासिकाला जाब विचारतो.

म्हणून आम्ही ठरवलं: गाणं पुढे पाठवताना कवी, गायक, वादक यांची नावं लिहायचीच. माहीत नसतील तर गावात जाऊन विचारायची, वहीत उतरवायची. अमरावतीच्या विपिन तातडसारखे रॅपर आज लिहिताहेत. त्यांची गाणी वाजवाल, तेव्हा नावासकट वाजवा.

जयभीम!