पेन्शन ही मेहरबानी नव्हे

बुऱ्हाणपूर हे पूर्वापार शिपायांच्या वाटेवरचे गाव. तापीकाठचे हे नगर म्हणजे दक्षिणेचे दार, आणि उत्तरेस असीरगडाचा पहारा. मिर्झाराजे जयसिंगांनी १६६७ साली येथेच देह ठेवला. त्यांची छत्री आजही उभी आहे. साध्या शिपायाची छत्री कोणी बांधीत नाही. त्याच्या मागे राहते ते त्याचे घर आणि पेटीतील चार कागद. ह्या कागदांविषयीच आज थोडे लिहावे असे आम्हांस वाटते.

पेन्शन मागणे म्हणजे सरकारपुढे पदर पसरणे, अशी समजूत आपल्या खेड्यांत अजून आहे. ती सर्वस्वी चुकीची होय. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, पेन्शन ही धन्याच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेचे फळ आहे. जवानास सामान्यतः पंधरा वर्षांच्या सेवेनंतर हा हक्क मिळतो. मात्र २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांस चार वर्षांच्या सेवेबद्दल पेन्शन नाही, हे तरुणांच्या आईबापांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध मातेची हकीकत सांगतो. तिचे पती सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. ते वारले आणि कुटुंब पेन्शनचे काम अडले. कारण एवढेच, की सेवेच्या कागदांत तिचे नाव ‘मेरी’, तर आधारपत्रावर ‘मरियाबाई’. बाप्तिस्म्याचे नाव एक, घरी हाक मारण्याचे दुसरे, आणि लिहून घेणाऱ्याने ऐकले ते तिसरे, असे आपल्या घरांत नेहमीचेच. आम्ही तिच्याबरोबर बसून देवळाच्या नोंदवहीतील विवाहाचा दाखला काढविला, प्रतिज्ञापत्र करविले आणि ते पतीच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे धाडले. पावसाळा सरून नाताळ जवळ आला, तेव्हा कोठे नाव दुरुस्त झाले. तोवर त्या घरची चूल शेजाऱ्यांच्या उसनवारीवर पेटत होती.

तेव्हा घरचा माणूस हयात असतानाच पेटी उघडावी. सेवापुस्तिका आणि पेन्शनचा आदेश काढून त्यांतील पत्नीचे नाव व जन्मतारीख आधारपत्राशी ताडून पाहावी. फरक असल्यास अभिलेख कार्यालयास लिहावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावी, तर महार रेजिमेंटचे सागर येथे आहे. जन्मतारखेस महत्त्व आहे, कारण ऐंशी वर्षे पुरी होताच मूळ पेन्शनीत २० टक्के, पंच्याऐंशीस ३०, नव्वदीस ४०, पंच्याण्णवास ५० आणि शंभरीस १०० टक्के भर पडते. विधवेसही ती मिळते. पण तिची जन्मतारीखच नोंदलेली नसेल, तर ही वाढ अडून राहते.

आता संरक्षण खात्याची पेन्शन ‘स्पर्श’ ह्या संगणकीय व्यवस्थेतून थेट बँकेच्या खात्यात येते. वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकल्यास पेन्शन थांबते. हे काम कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते, आणि चालता न येणाऱ्यांसाठी पोस्टमनही घरी येऊन ते करू शकतो. पेन्शनर वारल्यास तत्काळ कळवावे. मृत्यूनंतर खात्यात आलेली जादा रक्कम पुढे वसूल होते.

ज्या माजी सैनिकांस पेन्शनच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. पासष्ट वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस केंद्रीय सैनिक बोर्डाकडून साहाय्य मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. ‘मिळवून देतो, अर्धे माझे’ म्हणणाऱ्या दलालास मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवावे, आणि मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कोणासही सांगू नये.

गावातील शिकलेल्या मुलामुलींना आमची एक विनंती आहे. तुमच्या वाडीत एखादा म्हातारा शिपाई किंवा त्याची विधवा असेल, तर एक दुपार त्यांच्यासाठी काढा आणि त्यांचे कागद वाचून दाखवा. ज्यांनी सीमेवर रात्री जागविल्या, त्यांना आपल्या हक्कासाठी एकट्याने खेटे घालावे लागू नयेत, एवढे तर आपल्या हाती आहे.