आधी आकडा, मग आज्ञा

आठवीत असताना मराठीच्या बाई आमच्याकडून गण पाठ करून घेत. लघु आणि गुरु अशी दोनच चिन्हे. पण ती तीन जागांवर मांडली की य, म, त, र, ज, भ, न, स असे बरोबर आठ गण होतात. नववा होऊच शकत नाही. तेव्हा ही निव्वळ घोकंपट्टी वाटे. पुढे भोपाळजवळच्या मंडीदीपला कारखान्यांत यंत्रे बसवण्याचे काम करू लागलो आणि हेच गण तारांच्या रूपात पुन्हा भेटले.

खोकी उचलून ठेवणारा एक यांत्रिक हात आम्ही बसवत होतो. त्याच्या मोटरने किती फिरायचे आणि कुठे थांबायचे हे पाहणाऱ्या पेटीला मोशन कंट्रोलर म्हणतात. तिला हुकूम देतो पीएलसी, म्हणजे साऱ्या यंत्राचा मुख्य नियंत्रक. आणि तोही साध्या तारांनी. तारेवर २४ व्होल्ट असले की १, नसले की ०. तीन तारांचे ० ते ७ असे आठ आकडे, आणि प्रत्येक आकड्याला हाताची एक ठरलेली जागा.

आकडा बदलला की हात निघावा, असा प्रोग्रॅम मी लिहिला. चार दिवस सारे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी हाताने तिसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर जायचे होते; तो सरळ सातव्या जागेकडे सुटला. तिथे एक तरुण मदतनीस अडकलेले खोके काढत होता. त्याने हात मागे घेतला आणि पुढच्याच क्षणी ते खोके चेपले. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तारा तपासल्या, सर्व ठीक. शेवटी भेलमधून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी कागदावर लिहिले : ३ म्हणजे ०११, ४ म्हणजे १००. म्हणाले, "अरे, इथे तिन्ही तारा एकदम बदलायला हव्यात. पण एखादा रिले काही मिलिसेकंद आधी लागतो, एखादा उशिरा सुटतो. पहिली तार आधी आली आणि उरलेल्या दोन अजून गेल्या नाहीत, तर मध्ये काय दिसेल?"

मी लिहिले : १११. सात!

काका हसले. "शाळेत कवायत केलीस ना? 'दाहिने' म्हटल्यावर कोणी वळतं का? 'मूड' ऐकल्यावरच वळतात. तुझ्या यंत्राला 'मूड' कुठे आहे?"

मग आम्ही चौथी तार जोडली. आधी तीन तारांवर आकडा मांडायचा, ५० मिलिसेकंद थांबायचे आणि मग चौथ्या तारेवर 'चालू'चा इशारा द्यायचा. तो इशारा ० वरून १ होताना जो आकडा दिसेल, तेवढाच कंट्रोलरने खरा मानायचा. 'थांब'ची तार मात्र उलट्या रीतीने जोडलेली असते : तिच्यावर कायम २४ व्होल्ट असतात आणि ते गेले की यंत्र थांबते. म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी यंत्र सुटत नाही, थांबते. त्या बाजूच्या जाळीच्या दारालाही स्विच बसवला. दार उघडले की मोटरची वीजच तुटते. खरे तर तो पहिल्या दिवशीच बसवायला हवा होता. ही चूक माझी.

त्या मदतनिसाने दुसऱ्या दिवशी येऊन मलाच चहा पाजला. तो घोट गिळणे मला जड गेले.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की गण आणि कवायत 'निरुपयोगी' म्हणून मुलांना सोडू देऊ नका. आणि मित्रांनो, चार दिवस बरोबर चालले म्हणजे ते बरोबरच आहे, असे समजू नका. ज्याच्यापाशी कोणाचा हात जाणार आहे, असे काम पाचव्या दिवसाचा विचार करूनच करा.

— शाळेचा एक माजी विद्यार्थी