गावाबाहेरचे घर घेताना

शिंदे व इंग्रज यांच्यात १८०३ साली जेथे तह झाला, त्या अंजनगाव सुर्जीच्या जुन्या वस्तीत अनेक घरांचे जिने खडे, उंबरठे उंच. दुखऱ्या गुडघ्यांना ते जाचतात. नव्या लेआऊटमध्ये तळमजल्यावरच निजण्याची खोली व शौचालय बांधता येते, हा मोठा लाभ. परंतु वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असल्यास फरशी उचलते आणि वृद्ध अडखळून पडतात.

म्हणून वाचकहो, सौद्यापूर्वी अकृषक आदेश पाहाच. शिवाय श्रावणात, दिवेलागणीनंतर तेथे एकदा जा. रस्त्यावर दिवा आहे काय? चिखलातून ऑटो येतो काय? हाकेला शेजारी ओ देतो काय? रात्री छातीत कळ आल्यास हेच कामी येते. उत्तर नकारार्थी असल्यास जिन्याला कठडा बसवून जुन्याच घरी राहणे श्रेयस्कर.