निनावी सूत

इचलकरंजीसारख्या गावात उरलेलं सूत किलोच्या भावाने मिळतं. ऑर्डर संपते, बीम उतरतो आणि मागे राहिलेले अर्धेमुर्धे कोन पोत्यात जाऊन पडतात. पोतं उपडं केलं की पांढरट, बदामी, मेंदीरंगी, मध्येच एखादा भलताच निळा असा गोतावळा घरंगळत बाहेर येतो. हे काय आहे म्हणून दुकानदाराला विचारलं तर तो मान वर न करता सांगतो, "कॉटनच आहे, घ्या." तो खोटं बोलतो असं नाही. किलोवर विकणाऱ्याला तेवढं पुरतं, इतकंच. घरी चार फूट लाकडाचा माग मांडून बसलेल्या माणसाला मात्र तेवढ्याने भागत नाही. ताणा तोलेल का, धुतल्यावर आटेल का, रंग सोडेल का, हे सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे असतं.

कोनच्या आत चिठ्ठी शाबूत राहिलेली असेल तर नशीब. '40 केडब्ल्यू' किंवा '30 सीएच' असं काहीतरी पुसट छापलेलं असतं. आकडा सुताचा नंबर. 'के' म्हणजे कार्डेड, 'सी' म्हणजे कोंब्ड, अर्थात आखूड तंतू विंचरून काढलेलं. शेवटी 'डब्ल्यू' असेल तर सूत मागासाठी, 'एच' असेल तर होजिअरीसाठी. या 'एच'पासून जपावं. बनियन-टीशर्टच्या सुताला पीळ कमी देतात, वरून मेणाचा हलका हात फिरवतात, त्यामुळे ते बोटांना फार गोड लागतं. ताण्याला लावलं की फणी त्याला घासते, तंतू पिंजून वर येतात, शेजारच्या धाग्यांत गुंततात आणि तुटातूट सुरू होते. बाण्यात हेच सूत गुणी निघतं. कोनच्या टोकांवर रंगही असतात, एका गिरणीत दोन नंबरांची सरमिसळ होऊ नये म्हणून दिलेले. पण त्या रंगांचा अर्थ त्या गिरणीपुरता. बाहेर आले की ते नुसते शोभेचे.

चिठ्ठी नसली की बोटांचं काम सुरू होतं. वीतभर धागा घ्यायचा आणि पिळाच्या उलट फिरवायचा. दोन पदरी असेल तर पदर वेगळे होतात, पुढे पदराचाही पीळ सुटतो आणि शेवटी कापसाचा विस्कटलेला पुंजका चिमटीत राहतो. काही सूत मात्र उलगडायलाच तयार नसतं. कितीही फिरवा, अधूनमधून काही तंतू पट्टा आवळावा तसे बाहेरून गुंडाळून बसलेले दिसतात. हे ओपन-एंडचं सूत. ताकदीला रिंगच्या सुतापेक्षा कमी, पण फुगीर आणि पाणी टिपणारं. जाडसर टॉवेलाच्या बाण्याला मी तेच पसंत करते, कुणी कितीही नाक मुरडो.

मग काडेपेटी. खिडकी उघडायची, स्टीलच्या ताटलीत पाणी घ्यायचं, धागा चिमट्यात धरायचा आणि ओढणी-बिढणी लांब ठेवायची. कापूस झटकन पेट घेतो, कागद जळल्याचा वास येतो, ज्योत विझली तरी टोकाशी लाल ठिणगी धुगधुगत राहते आणि करडी राख फुंकरीने उडून जाते. लोकर आणि रेशीम ज्योतीपासून अंग चोरतात, ज्योत हटवली की आपणच विझतात, केस जळल्याचा वास सोडतात आणि काळा मणी मागे ठेवतात. तो चिमटीत दाबला की भुगा होतो. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर काढतं आणि त्याचा मणी नखाला दाद देत नाही. ॲक्रिलिक भडाभडा पेटतं आणि वेडावाकडा कडक खडा होऊन बसतं. यात चमत्कार काही नाही. कापूस आणि कागद दोन्ही सेल्युलोज, लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन. पदराच्या दशीतला एक धागा काढून जाळून बघणाऱ्या बायकांना ही नावं कुणी सांगितलेली नसतात. नाकाने निकाल दिला की त्या साडी बांधायला सांगतात, नाहीतर पुढच्या दुकानात जातात.

पण आग फक्त गोत्र सांगते. कापूस, लिनन, व्हिस्कोस, तिघांचाही वास कागदाचाच. त्यातला चमकणारा धागा व्हिस्कोसचा की मर्सराइज केलेल्या कापसाचा, हे ओळखायला तोंडातली थुंकी पुरते. धाग्याच्या मध्यभागी जिभेने ओलं करायचं आणि दोन्ही टोकं ओढायची. व्हिस्कोस ओलं झालं की दुबळं होतं, ते बरोबर ओल्या जागी तुटतं. कापूस ओला असताना अधिक बळकट, तो कोरड्या भागात कुठेतरी तुटतो. एवढ्याशा झटक्यावर पुढचं सगळं ठरतं, कारण व्हिस्कोसचं कापड झुळझुळीत पडेल, स्टोलला सुरेख दिसेल, पण रोज पिळून वाळत घालायच्या कापडाला ते नको.

एकदा विदर्भाकडून आलेल्या सुतात मधाच्या रंगाची एक लडी निघाली, थोडी खरखरीत, जाडी कुठे कमी कुठे जास्त. हात म्हणत होता लिनन. काडी लावली तर खोलीभर केस जळल्याचा वास. कोसा होता तो! भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम, करवतकाठी साडीतलं. तोवर त्या लडीसाठी टेबलावरच्या पट्ट्या योजल्या होत्या, त्या तिथल्या तिथे बारगळल्या. कोशाला तेवढा मान दिलाच पाहिजे. पातळ सुती ताण्यावर तो बाणा म्हणून घातला, तेव्हा त्याचं ते असमान अंग जागोजागी उजेड धरू लागलं.

कूळ कळलं की नंबर. इथे एक मौज आहे. 840 यार्डांची एक लडी धरायची आणि अशा किती लड्या एका पौंडात बसतात ते मोजायचं. तो आकडा म्हणजे सुताचा नंबर, म्हणून सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला तेव्हा सगळीकडे पौंडाचाच व्यवहार होता. आज कोन किलोवर जातो, कापड मीटरवर जातं, पण सुताचा नंबर अजून पौंड आणि यार्ड सोडायला तयार नाही.

घरी लडी-पौंडाची उठाठेव नको. दहा मीटर सूत मोजून सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवलं की झालं. समजा वजन भरलं 1.18 ग्रॅम. म्हणजे हजार मीटरला 118 ग्रॅम. 590 हा यार्ड-पौंडातून मीटर-ग्रॅममध्ये आणणारा ठरलेला आकडा, त्याला 118 ने भागलं की नंबर पाच. उलगडताना दोन पदर दिसले होते, म्हणजे एकेक पदर दहा नंबरचा, तेव्हा हे दोन-दहाचं सूत. आता तेच सूत पट्टीवर एक इंच शेजारी शेजारी, न आवळता गुंडाळायचं. चव्वेचाळीस वेढे बसले तर साध्या विणीला त्याच्या निम्मे, इंचाला बावीस धागे. उरलेली जागा बाण्याची. ट्विलला दोन तृतीयांशाच्या आसपास जावं, कारण तिथे धागे कमी वेळा एकमेकांना ओलांडतात.

यापुढचा हिशेब मला कवितेइतका आवडतो, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. स्वयंपाकघरातले चार टॉवेल, रुंदी वीस इंच. ताण्याचे धागे 440, प्रत्येक चार मीटर, म्हणजे 1760 मीटर. चार मीटरांतले ऐंशी सेंटिमीटर मागाला बांधण्यात आणि शेवटच्या दशांत जाणार. उरलेल्या 3.2 मीटरला इंचाला बावीस फेऱ्या धरल्या, तर बाण्याला सुमारे 1410 मीटर. एकूण सव्वातीन हजारांच्या आत. कोनचा पुठ्ठा वजा करून सूत भरलं 450 ग्रॅम, म्हणजे 3800 मीटर. पुरतं! नमुन्यालाही हात राखून उरतं. पुठ्ठा वजा करायला विसरणाऱ्याचा चौथा टॉवेल मात्र अर्ध्यावर थांबतो.

नमुना टाळू नये. वीतभर विणायचा, कडा मोजायच्या, गरम पाण्यात एका पांढऱ्या चिंधीसोबत बुडवायचा, वाळवून पुन्हा मोजायचा. आटणं आणि रंग जाणं दोन्ही एकाच वाटीत कळतं. काडेपेटीने सांगितलेलं नाव चुकलं तरी एक वेळ चालेल, ही दोन मापं चुकून चालत नाहीत. म्हणून माझ्या कपाटात कोनांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर आधी मापं असतात आणि नावापुढे बरेचदा प्रश्नचिन्ह.

पोत्यातला भलताच निळा कोन अशाच प्रश्नचिन्हाचा. जाळला तर कागदाचा वास, पण राखेत कडक कण. ओढला तर लांबतो, सोडला की मागे जातो. उलगडला तेव्हा कापसाच्या आत केसापेक्षा बारीक, चकचकीत तार दिसली. लायक्राच्या जातीचं काहीतरी असावं. ताण्याला तो निरुपयोगी, सबंध बाण्याला घातला तर कापडाचा मोज्यासारखा आखडून पट्टा होणार. पण त्याच्या या खोडीचाच उपयोग करता येतो. साध्या पांढऱ्या सुताच्या मध्ये निळ्याचे पट्टे टाकायचे, धोट्याने थोडे ताणून. धुतल्यावर निळं आखडेल, पांढऱ्याला जागा उरणार नाही आणि ते झालरीसारखं उठेल. आठ फेऱ्यांचा पट्टा घालून पाहिला, कापड नुसतं कुरकुरलं. बारा फेऱ्यांना मात्र छान फुगलं. सोळाला कडाच आत दुमडायला लागल्या. तेव्हा स्टोलला बाराच, आणि दोन पट्ट्यांत पांढरं तीन इंच.